कांबळेबाईंचा ब्लूज

मिरजेच्या सतारवाल्यांच्या गल्लीत ऐन जानेवारीत पावसाची एक सर आली. कुणाच्या ध्यानीमनी नसताना आली आणि रिक्षातून उतरलेली आम्रपाली कांबळे हातातली हार्मोनियम पदराखाली झाकत समोर दिसेल त्या दुकानात शिरली.

पेटी तिच्या वडिलांची होती. आष्ट्याच्या धनाजी कांबळ्यांची गायन पार्टी एके काळी गावोगाव भीमगीतं गात फिरायची. आधी कोरसला आणि मग मुख्य आवाजाला त्यांची लेक असायची. पुढं नर्सिंग झालं, मिरजेची नोकरी, लग्न, साक्षीचा जन्म, नवऱ्याचं अकाली जाणं... त्यात गाणं नेमकं कुठं सुटलं, ते तिलाही सांगता आलं नसतं. आता निवृत्तीनंतर पेटीचे बसलेले सूर तेवढे उठवून घ्यावेत, म्हणून ती आली होती.

दुकानात छताला सतारीचे भोपळे टांगलेले. त्यांच्याखाली फळीवर एक माणूस बसला होता. पांढऱ्या मिशा नीट कातरलेल्या, अंगात जीनचं जुनं जाकीट, पायात कोल्हापुरी चपला. कारागिरानं घासून दिलेली गिटार त्यानं मांडीवर घेतली, तिच्या पोटाला उजवा कान लावला आणि एक तार छेडली. सूर सरळ निघाला... आणि मधेच त्यानं तो बोटानं असा वाकवला, की जणू कुणी हाक मारता मारता थांबलं.

आम्रपालीच्या गळ्यातून आपोआप पुढची ओळ निघाली. शब्द नव्हते. नुसता सूर – हाकेला ओ दिल्यासारखा.

त्या माणसानं वर पाहिलं. "कोण बोललं?"

"कुणी नाही," आम्रपाली ओशाळली.

"मग वरचा भोपळा गायला म्हणायचा."

"भोपळा कुणाला म्हणता हो?"

"आवं, तुमाला न्हाई! देवाशपथ!" तो गडबडून उभाच राहिला. कारागीर खाली मान घालून हसत होता. "म्हंजे... भोपळ्याला म्हणावं, लाजू नगंस. मी पुन्ना वाजवतो."

आणि त्यानं पुन्हा वाजवलं. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. आम्रपालीनं जायला हवं होतं, किंवा निदान गप्प तरी बसायला हवं होतं. पण तिला इरेस पेटवलं की ती गप्प बसत नसे. ती गायली. या वेळी तोंड उघडून.

सर सरली तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही.

त्याचं नाव सर्जेराव नलवडे. गाव कोरेगावाकडचं, लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त, राहायला साताऱ्यात. लष्कराच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत असताना शिलाँगला पोस्टिंग झालं आणि तिथं एका खासी म्हाताऱ्याकडून गिटारचा नाद लागला. परत आल्यावर दोन सोबती गोळा करून त्यानं 'अजिंक्य' नावाचा बँड काढला. साताऱ्यात ब्लूज वाजवणारे पहिले येडे आमीच, असं तो अभिमानानं म्हणाला.

"ब्लूज म्हणजे काय असतं?"

"दुखणंच. पर रडून न्हाई सांगायचं. पायानं ताल धरून सांगायचं."

"मग ते आम्ही लहानपणापासून करतोय," आम्रपाली म्हणाली. "नाव तेवढं ठाऊक नव्हतं."

सर्जेराव तिच्याकडं बघतच राहिला. मग घसा खाकरून त्यानं खरी गोष्ट सांगितली. त्यांचा गायक वीरधवल इथंच एका दवाखान्यात होता. घशाचं ऑपरेशन झालं होतं, गाणं कायमचं बंद. पुढल्या महिन्यात सांगलीत नदीकाठी मोठा कार्यक्रम होता, आणि तो बँडचा शेवटचा होता. कारण डॉक्टरनं सर्जेरावालाही सांगितलं होतं, डावा कान गेलाय, उजवा जायला लागलाय. स्पीकरसमोर उभं राहणं थांबवा.

"शेवटचं वाजवायचं म्हणतो, तर गाणारं कोण मिळंना. तुमी..."

"मी एकसष्ट वर्षांची आहे."

"मग बँडमदी सगळ्यात तरण्या तुमीच!"

आम्रपालीला हसू फुटलं. असं मोकळं हसू बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं, हे तिला घरी गेल्यावर जाणवलं... जरा भीतीही वाटली.

तालीम साताऱ्यात, गुंडाच्या बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत चाले. गुंडा म्हणजे ड्रमर. अंगानं आडवा, बोलायला फटकळ. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "सर्जा, नर्सबाई इंजेक्शन दिल्यावानी गातात रं. आधी कळत न्हाई, मग बसतं." बँडची जुनी इंग्रजी गाणी आम्रपालीच्या तोंडात लवकर बसेनात. तेव्हा तिनंच एक गाणं केलं, भाकरी थापता थापता. दोन ओळी सारख्या, तिसरी उत्तराची:

*दिवा न्हाई लावला मी, उजेडाची सवं न्हाई,*
*दिवा न्हाई लावला मी, उजेडाची सवं न्हाई,*
*कुणी दार वाजवलं तर... उठू का, कळत न्हाई.*

ती गायली तेव्हा सर्जेरावाची बोटं तारांवर तशीच थांबली. गुंडानं ड्रमची काडी खाली ठेवली. भिंतीवरच्या जुन्या पिठाची धूळ उन्हात तरंगत होती.

"बाई," सर्जेराव हळूच म्हणाला, "ह्ये तुमी कुटं ठिवलं होतं?"

"कुणी विचारलंच नव्हतं."

त्यानंतर ती एसटीनं साताऱ्याला येत राहिली. स्टँडवर तो आधीच येऊन उभा असायचा. हातात उसाच्या रसाचा ग्लास, आलं घातलेला, बिनबर्फाचा. "गळ्यासाटी," असं म्हणायचा, पण तिनं पहिला घोट घेईपर्यंत तिच्या चेहऱ्यावरची नजर काढायचा नाही. ती त्याच्या उजव्या बाजूनं चालायला शिकली. आणि तालमीत तिच्या लक्षात आलं, की तो तिच्याकडं सारखा बघतो.

"वाजवताना गिटारकडं बघावं माणसानं," ती एकदा म्हणाली.

"गिटार कुटं पळून जातीय? मला तुमचं समदं ऐकू येत न्हाई, बाई. तुमची हनुवटी वर गेली की कळतं, आता सूर चढणार. म्हणून बघतो."

"तेवढ्यासाठीच?"

सर्जेरावानं तारा पुसायला घेतल्या. आधीच पुसलेल्या होत्या.

सांगलीच्या आधी शिरवळला एका कंपनीच्या समारंभात छोटा कार्यक्रम ठरला. गुंडा सामान घेऊन पुढं गेला. सर्जेरावाच्या गाडीत ही दोघंच. खंबाटकीच्या बोगद्याकडचा चढ लागला, तेव्हा त्यानं गाडी हळू केली.

"ह्यो बँड संपला की..." तो रस्त्याकडं बघत म्हणाला, "त्याच्या पुढं बी तुमी येत जाल का? नुस्तं."

"नुस्तं म्हणजे?"

"नुस्तं म्हंजे... कायमचं." त्याचे कान लाल झाले होते. "माझी मंडळी जाऊन लय वर्सं झाली. सवं झाली हुती. आता मोडलीय."

आम्रपालीनं खिडकीबाहेर पाहिलं. उसानं भरलेला एक ट्रॅक्टर धापा टाकत चढत होता. तिच्या छातीतही तसंच काहीतरी चाललं होतं. "उत्तर सांगलीत देते," ती म्हणाली, आणि हनुवटी पदराआड केली – ती वर गेली होती म्हणून.

शिरवळला गाणं रंगलं. टाळ्या थांबेनात. मंचावरून उतरल्यावर घाम पुसत दोघं उभी होती, तेवढ्यात सर्जेरावाच्या भावकीतली दोन माणसं गर्दीतून पुढं आली. तिथंच नोकरीला असावीत. त्यांनी त्याची पाठ थोपटली, मग आम्रपालीकडं वळून म्हणाली, "ह्या कोण? कुटल्या? पाव्हणं काय आडनाव?"

प्रश्न तिला होता, पण सर्जेरावच घाईनं बोलला. "मिरजेच्या नर्सबाई हायती. वीरधवल आजारी हाय न्हवं, म्हणून ह्या वक्ताला गायला आल्या." आणि त्यानं त्या दोघांना खांद्याला धरून चहाकडं वळवलं.

एवढंच झालं. आवाज चढला नाही, कुणी वाकडं बोललं नाही. पण आम्रपाली ज्या जागी उभी होती, तिथून जणू कुणी तिला खोडून टाकलं होतं.

परतीच्या वाटेवर साताऱ्याच्या स्टँडवर उतरताना ती बोलली. शांतच होती.

"माझं आडनाव कांबळे आहे, सुभेदार. उच्चारलं तर तोंड भाजत नाही."

"बाई, तसं न्हाई... त्ये आपलं गावाकडचं..."

"तसंच आहे. सांगलीला मी गाईन, शब्द दिलाय. तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर मात्र आत्ताच देते. नाही."

एसटी सुटली. तो खिडकीखाली उभा होता, काहीतरी म्हणत होता. या वेळी ऐकू न येण्याची पाळी तिची होती.

नंतरचे दिवस सरळ गेले. सरळ म्हणजे कोरडे. त्याचे फोन तिनं उचलले नाहीत. पुण्याहून साक्षीनं विचारलं, "आई, आवाज असा का येतोय?" तेव्हा ती सर्दी झाली म्हणाली. शेवटच्या तालमीला ती गेली, गायली आणि आली. सर्जेराव त्या दिवशी गिटारकडंच बघत होता.

सांगलीत कार्यक्रमाच्या दिवशी ऊन उतरायला लागलं, तेव्हा मंचामागच्या तंबूत ती केसांत गजरा माळत होती. पडदा बाजूला झाला आणि नऊवारीतली, काठी टेकत चालणारी एक म्हातारी आत आली. तिनं आम्रपालीला आपादमस्तक न्याहाळलं.

"तूच व्हय ती?"

"कोण ती? मी आम्रपाली कांबळे."

"व्हय, त्येच सांगिटलंय त्यानं. नावासकट, आडनावासकट." म्हातारी खुर्चीत टेकली. "मी साळूबाई. सर्जाची थोरली भन. परवा गावाकडं आला. समदी भावकी अंगणात जेवाय बसलेली. उभा राह्यला आन म्हणाला, मिरजेच्या आम्रपाली कांबळ्यांस्नी मी लगीन करता का म्हणून इचारलंय, आन त्या न्हाई म्हणाल्यात, कारण मी भ्याड हाय. स्वताला ऐकू येत न्हाई म्हणून एवढ्या मोट्यांदा बोलला बघ, गोठ्यातल्या म्हशी बुजल्या!"

आम्रपालीच्या हातातला गजरा अर्धवटच राहिला.

"मग?" तिनं विचारलं.

"मग काय! धाकटे दोगं ताटावरनं उठलं. बोलत न्हाईत अजून. आज बी आलं न्हाईत. पुढं येतील का न्हाई, मला ठावं न्हाई, खोटं कशाला सांगू?" साळूबाईनं काठी मांडीवर आडवी घेतली. "मी आले. मलाबी आदी पटलं न्हवतं. पर सारी रात इचार केला. ह्या वयात माणूस हाटून बसतंय, त्ये उगं न्हाई. आन पोरी, त्यानं मला पाठीवलेलं न्हाई बरं का. मीच म्हणलं, आवाज तरी ऐकून यावा."

बाहेर गुंडानं ड्रमवर ठेका धरला होता.

आम्रपाली मंचावर आली, तेव्हा नदीवर संध्याकाळचा तांबूस उजेड होता. पहिल्या रांगेत गळ्याला पट्टा बांधलेला वीरधवल बसला होता. गाता येत नव्हतं, पण त्याचे ओठ प्रत्येक शब्दाला हलत होते. सर्जेराव डावीकडं उभा. अंग थोडं वाकलेलं, बोटं मात्र एखाद्या पोराची. जुनी गाणी झाली. मग तिचं आलं.

दोन ओळी तिनं रोजच्यासारख्या गायल्या. तिसऱ्या ओळीपाशी ती थांबली. सर्जेरावानं मान वर केली. त्याला वाटलं, आपल्यालाच ऐकू आलं नाही. तिनं त्याच्याकडं तोंड वळवलं आणि हनुवटी हळूच वर नेली. त्यानं सूर ओढला, वाकवला, धरून ठेवला... आणि तिनं ओळ बदलली:

*कुणी दार वाजवलंया... थांबा, मी येते हाय.*

गुंडाची काडी क्षणभर हवेतच राहिली. मग त्यानं असा ठोका दिला, की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. लोक उभे राहिले होते. सर्जेरावानं शेवटची तार छेडली, आणि ती विझेपर्यंत तळहात गिटारवर ठेवून राहिला. चाळीस वर्षांचा नाद हाताखाली शांत होत होता.

गर्दी पांगल्यावर दोघं घाटाच्या पायरीवर बसली. पाण्यावरून गार वारा येत होता. त्यानं गिटार पेटीत घालून दूर ठेवली होती.

"त्यी ओळ..." तो म्हणाला, "मी नीट ऐकली न्हवं? का माझ्या कानानं फसवलं?"

"नीट ऐकली."

त्यानं पाण्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "आता स्टेज न्हाई. हळूहळू ऐकू बी यायचं न्हाई. भाऊ बोलत न्हाईत. माझ्याकडं तुमाला द्याया काय उरलंय, बाई?"

"मी काही मागितलंय का?" आम्रपाली म्हणाली. "फक्त दोन गोष्टी आधीच सांगते. मिरजेचं माझं घर मी सोडणार नाही. आणि आडनाव बदलणार नाही."

"बदलू नगा," सर्जेराव घाईघाईनं म्हणाला. "आत्ता कुटं मला म्हणाय यायला लागलंय."

ती हसली, इतक्या मोठ्यांदा की वरच्या पायरीवरच्या साळूबाईनं विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही, आक्का," आम्रपालीनं वर बघत सांगितलं. "तुमच्या भावानं मागणी घातली. मी हो म्हटलं."

"मग उटा की! भूक लागलीया मला."

सर्जेराव आधी उठला आणि त्यानं हात पुढं केला. घाटावर अजून माणसं होती, ओळखीची, अनोळखी. आम्रपालीनं तो हात धरला, आणि दोघं पायऱ्या चढून साळूबाईकडं गेली.