मागच्या सीटचा पट्टा

माझे मामा खोटं बोलत नाहीत.

फार सज्जन आहेत म्हणून नव्हे. त्यांना ते जमतच नाही म्हणून.

चौतीस वर्षं जमिनीची मोजणी केलेला माणूस. "साधारण दहा मिनिटं लागतील" असं त्यांच्या तोंडून कधी निघत नाही. नऊ तरी म्हणतील, नाहीतर अकरा. नवीन सोफा घेतला तेव्हा दाराची चौकट दोनदा मोजली, सोफा दारात आल्यावर तिसऱ्यांदा मोजली, तोवर हमाल घामाघूम. आम्ही सगळे त्यांना पाठीमागे इंचमामा म्हणतो. त्यांना ते ठाऊक आहे, आणि मनातून आवडतंही.

अशा माणसाने सांगितलेली ही गोष्ट आहे. मी त्यात माझ्या पदरचं काहीही घातलेलं नाही.

गेल्या वर्षीचा एक गुरुवार. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. वेळ मामांच्या वहीत पेन्सिलीने लिहिलेली आहे, आणि ती वही मी स्वतः पाहिली आहे.

मामा-मामी तेव्हा परदेशात ताईकडे गेले होते. ताई म्हणजे माझी मामेबहीण, त्यांची एकुलती एक. लग्नानंतर नऊ वर्षांनी तिला दिवस राहिले होते. मामींनी तिकिटं निघायच्या आधीच बॅगा भरून ठेवल्या होत्या.

तिथे पोहोचल्यावर मामांनी एक भाड्याची गाडी घेतली. फोनच्या नकाशावर त्यांचा विश्वास नव्हता, कारण रेंज गेली की तो गप्प. म्हणून गाडीवाल्याने काचेला चिकटवायचं एक जुनं जीपीएस यंत्र दिलं. बरंच वापरलेलं होतं. कोपरे झिजलेले.

पहिल्याच संध्याकाळी मामा ते घेऊन ताईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. साठवलेल्या पत्त्यांची यादी उघडली.

यादीत एकच पत्ता होता.

'घर'.

आधीच्या कुणीतरी टाकलेला. खाली ना रस्त्याचं नाव, ना घराचा नंबर. नुसते अंक.

"अगं, कुणाचं तरी घर राहिलंय यात," मामा म्हणाले.

"मग राहू द्या की. तुमच्या काय डोक्यावर बसलंय का ते?"

"मला ताईचा पत्ता 'घर' म्हणून टाकायचाय. एका नावाचे दोन खुंटे ठेवले की मोजणी चुकते."

"आपलं 'घर दोन' म्हणून टाका. दुसऱ्याचं घर असं पुसू नये हो. बरं वाटत नाही."

"अगं, घर पाडत नाहीये मी. यंत्रातली एक ओळ पुसतोय."

यंत्राने विचारलं, नक्की पुसायचं?

मामांनी 'हो' दाबलं. त्या जागी ताईचा पत्ता भरला. चौथा मजला, दाराचा नंबर, सगळं बिनचूक. आता 'घर' म्हणजे ताईचं घर.

तीन दिवसांनी ताईला मुलगी झाली. दोघी सुखरूप. मामी फोनवर माझ्या आईशी बोलताना नुसत्या रडत होत्या, शब्दच फुटेना.

हॉस्पिटल ते ताईचं घर, चौदा किलोमीटर तीनशे मीटर. बावीस मिनिटं. मामांनी तीन फेऱ्यांत तिन्ही वेळा गाडीच्या मीटरचा आकडा वहीत उतरवला होता, आणि तिन्ही वेळा तेवढाच आला होता. कामाची सवय. निवृत्त झाले तरी सुटली नाही.

मग तो गुरुवार आला.

ताईला आणि बाळाला घरी सोडणार होते. जावई आपल्या गाडीतून दोघींना घेऊन येणार. पण एक घोटाळा होता. ताईला कळा सुरू झाल्या त्या गडबडीत जावयाने आपली किल्ली कुठेतरी हरवली होती. दुसरी किल्ली फक्त मामींकडे. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. म्हणजे मामा-मामींना पुढे जाऊन दार उघडायला हवं, खोली गरम करायला हवी. दोन दिवसांचं बाळ जिन्यात ताटकळत ठेवायचं नव्हतं.

"आई, आम्ही अर्ध्या तासात निघतो," ताई म्हणाली.

"तू ये निवांत. दार उघडंच असेल," मामी म्हणाल्या.

तीन दहा. मामांनी आकडा लिहिला, यंत्रावर 'घर' दाबलं आणि गाडी काढली.

बाहेर धुकं उतरत होतं.

पाचव्या मिनिटाला यंत्रातली बाई म्हणाली, डावीकडे वळा.

रोज तिथून सरळ जायचं असे.

"अहो, इथे कुठे?" मामींनी विचारलं.

"पुढे काहीतरी अडलं असेल. धुक्यातलं तिला दिसतंय, आपल्याला नाही."

आयुष्यभर दुसऱ्याच्या नकाशावर दोनदा बोट ठेवल्याशिवाय पुढे न गेलेला माणूस. त्या दिवशी मुकाट वळला. आजही स्वतःला त्याबद्दल माफ करत नाही.

रस्ता अरुंद होत गेला. दोन्ही बाजूंना ओली झुडपं. समोरून एकही गाडी नाही.

मामांनी यंत्राकडे पाहिलं.

पडद्यावर रस्ताच नव्हता…

कोऱ्या पांढऱ्या जागेवर फक्त त्यांच्या गाडीचा बाण पुढे सरकत होता.

मामींनी फोन काढला. रेंज नाही. गाडी वळवावी म्हटलं तर वळवायला जागा नाही. मामी किल्ली मुठीत धरून बसल्या होत्या आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "बाळ येईल हो. बाळ येईल आपल्याआधी."

मग बाई म्हणाली…

तुम्ही पोहोचलात.

गाडी थांबली. समोर लोखंडी फाटक, एका बिजागरीवर लोंबणारं. पलीकडे मोकळी जागा.

मामा खाली उतरले. निदान गाडी फिरवता येते का, ते बघायला.

फाटकाच्या आत जोतं होतं. दगडी, चौकोनी, गवताने भरलेलं. तीन पायऱ्या वर चढत होत्या आणि पुढे काहीच नव्हतं. ना भिंती, ना छप्पर. कधीतरी इथे घर होतं, एवढंच उरलं होतं.

मामांचे पाय आपोआप चालले. या कडेपासून त्या कडेपर्यंत अकरा पावलं. दुसरी बाजू आठ. वही काढून त्यांनी लिहिलं: जोतं, अकरा बाय आठ. तीन पायऱ्या. घर नाही. आणि घड्याळ बघून वेळ टाकली. तीन एक्केचाळीस.

लिहिता लिहिता त्यांच्या लक्षात आलं की इथे आवाजच नाही.

पक्षी नाही. वारा नाही. मागे चालू ठेवलेल्या गाडीच्या इंजिनाचीसुद्धा घरघर नाही.

"अहो! चला ना!"

मामींच्या हाकेसरशी सगळे आवाज परत आले. मामा जवळजवळ पळतच गाडीत येऊन बसले. गाडी कशीबशी फाटकात घालून फिरवली आणि निघाले.

आणि…

टिंग.

टिंग.

टिंग.

समोर लाल दिवा लुकलुकत होता. मागच्या सीटवर कुणीतरी बसलंय, आणि पट्टा लावलेला नाही.

दोघांनी एकदमच मागे वळून पाहिलं.

सीट रिकामी होती. पिशवीसुद्धा नव्हती, ती मामींच्या मांडीवर होती.

"ओल लागली असेल वायरला," मामा म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

टिंग. टिंग. टिंग.

मामींना सहन होईना. त्या वळल्या, हात लांब करून मागच्या सीटचा पट्टा ओढला आणि खटकन अडकवला.

आवाज बंद.

"झालं. आता तरी चला."

मामांनी पुन्हा 'घर' दाबलं. यंत्राने क्षणात रस्ता दाखवला. तोच, रोजचा. पहिलं वळण घेतलं आणि ते थेट हॉस्पिटलच्या पुढच्या ओळखीच्या चौकात निघाले. मामींनी सुटकेचा श्वास सोडला.

मामांनी मात्र आरशात पाहिलं होतं.

रिकाम्या सीटवर लावलेला पट्टा सीटला टेकायला हवा.

हा टेकलेला नव्हता…

मध्ये वीतभर अंतर होतं. आणि तो पट्टा हळूच वर येत होता, हळूच खाली जात होता.

मामा बोलले नाहीत. मामी घाबरतील, आणि वेळ नव्हता. ताईच्या इमारतीखाली गाडी लावेपर्यंत त्यांनी पुन्हा आरशात पाहिलं नाही.

मामी किल्ली घेऊन धावल्याच. "मी दार उघडते, तुम्ही या मागून."

मामा स्टिअरिंग धरून बसून राहिले.

मागे आवाज आला. खट्.

पट्टा सुटून जागेवर गेला होता. समोर दुसरा दिवा पेटला. मागचं दार उघडं असल्याचा.

मामा किती वेळ तसेच बसले, ते त्यांना सांगता येत नाही. त्यांना सांगता न येणारी ही आयुष्यातली पहिली वेळ. भानावर आले तेव्हा सवयीने वही उघडली. आकडा पाहिला, घड्याळ पाहिलं.

चौदा किलोमीटर तीनशे मीटर. तीन बत्तीस.

मी ते पान पाहिलंय. तीन दहा, त्याखाली तीन एक्केचाळीस, त्याखाली तीन बत्तीस. आणि मामा खाडाखोड करत नाहीत.

ते वर गेले. दार उघडंच होतं. मामी हिटर लावत होत्या, पाठ दाराकडे.

"आता कुठे निघालात?" मामींनी मागे न बघता विचारलं.

"मी आत्ताच येतोय."

मामी वळल्या. "काहीतरीच काय! मघाशी माझ्या मागोमाग आलात ना? बूट बाहेर काढा म्हटलं, तर सरळ बाळाच्या खोलीत गेलात."

मामा बाळाच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. पाळणा. घडी घातलेली दुपटी. खोलीत कुणीच नव्हतं.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. ताई आली होती.

बाळाला घरात घेताना सगळे हसत होते. मामाही हसले. फोटोत दिसतंय ते हसू. मी बघितलंय आणि पुन्हा बघायची माझी इच्छा नाही.

पुढचे पाच दिवस मामा रोज त्या रस्त्याने गेले. डावीकडचं ते वळण त्यांना सापडलं नाही. शेवटी यंत्र घेऊन गाडीवाल्याकडे गेले, हात जोडून म्हणाले, यातला जुना पत्ता परत आणून द्या. त्याने बरीच खटपट केली. मग मान हलवली. पुसलेलं परत येत नाही.

"मी त्याचं घर पुसलं," मामा मला म्हणाले, "आणि त्या जागी माझ्या लेकीचं लिहिलं. त्याने काय करायचं रे? जे लिहिलं होतं तिकडे आला."

बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते.

ताईला त्यांनी यातलं काही सांगितलेलं नाही. काय सांगणार?

गेल्या रविवारी मी मामांकडे होतो. ताईचा व्हिडिओ कॉल आला. चालत्या गाडीतून बोलत होती. जावई गाडी चालवत होता, मागे बाळ आपल्या छोट्या सीटमध्ये झोपलेलं. गोरंगोमटं, गुटगुटीत. मामी बघून हरखून गेल्या.

"आई, बाबा, सरप्राइज! आम्ही मोठं घर घेतलं. या महिन्यातच राहायला जातोय."

मामा खुर्चीतून पुढे सरकले. "ताई, फोनमधलं 'घर' बदलू नकोस. ऐक माझं. जुनं तसंच राहू दे."

"का हो बाबा?"

"पुसू नकोस म्हणतोय ना!"

मामांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. ताई बघतच राहिली. मग हसली.

"अहो बाबा, ते तर कालच बदललं. नवीन पत्ता टाकला. आत्ता तिकडेच निघालोय."

आणि तेवढ्यात फोनमधून ऐकू आलं…

टिंग.

टिंग.

टिंग.

मामींनी माझा हात घट्ट धरला.

"हा आवाज ना?" ताई म्हणाली. "बाळ घरी आलं तेव्हापासून हे असंच. दोनदा गॅरेजला दाखवलं, काही सापडत नाही. सवय झालीय आता. पट्टा लावला की गप्प बसतं."

तिने मागे हात नेला. बाळाच्या शेजारच्या रिकाम्या सीटकडे.

खट्.

"बघा. झालं."

रेंज गेली आणि कॉल तुटला.

मामांनी वही उघडली, घड्याळ पाहून वेळ लिहिली. पुढे अंतर लिहायचं होतं. पेन्सिल कागदावर टेकवून ते बसून राहिले. मी निघालो तेव्हाही ती जागा कोरीच होती.