शेपटाच्या मागे

रानातल्या दौडीची वाट गोल आहे. मैदानातून निघायचं, शेतांच्या बांधांवरून जंगलात शिरायचं, ओढा ओलांडायचा आणि टेकडीला वळसा घालून परत मैदानात यायचं. आदल्या दिवशी दौड भरवणाऱ्या मंडळाची माणसं फांद्यांना लाल फिती बांधून ठेवतात. दौडीच्या दिवशी सगळ्यांच्या शेवटी एक जण चालत निघतो आणि त्या फिती सोडून पिशवीत भरत येतो. त्याला मंडळात ‘शेपूट’ म्हणतात. शेपटाच्या मागे कुणी राहता कामा नये, एवढा एकच नियम.

गेल्या वर्षी शेपूट होते मंडळाचे सचिव, दातांचे डॉक्टर. त्यांना जेवणाची घाई होती. माझा धाकटा भाऊ कुठेतरी कडेला पाय धरून बसला असणार, तो त्यांना दिसला नाही. उठला तेव्हा झाडांवर फीत उरली नव्हती. शोधणाऱ्यांना तो ओढ्यात सापडला, घोट्याला स्वतःचाच रुमाल आवळून बांधलेला. ‘धावपटूने स्वतःहून वाट सोडली’ असा मंडळाने ठराव केला, आणि मग त्याच्यासाठी दोन मिनिटं स्तब्ध उभंही राहिलं.

यंदा शेपटाचं काम मी मागून घेतलं. डॉक्टरांना नाही म्हणायची सोय नव्हती.

उन्हं कलल्यावर मी निघाले. बांधांवर वारा होता. जंगलात शिरल्यावर तो थांबला. कुजलेल्या पाल्याचा ओला वास नाकात बसला. पुढचे धावणारे केव्हाच लांब गेले होते. फीत सोडायची, गुंडाळायची, पिशवीत टाकायची. ओढा ओलांडला आणि मागे पाला वाजला. एक पाऊल पडलं, दुसरं फरफटलं.

मी थांबले की तेही थांबे.

“ताई...” मागून आवाज आला, धाप लागलेला. “फिती नको ना काढू... मी येतोय.”

मी वळून पाहिलं नाही. तो दिसेल याची भीती नव्हती. दिसणार नाही याची होती. हातातली फीत मी परत फांदीला बांधली. पुढच्या एकाही फितीला हात लावला नाही. लहानपणी शाळेतून येताना हा असाच मागे रेंगाळायचा, आणि मी असंच न वळता हळू चालायचे.

मैदान दिसू लागलं तशी पावलं मंदावली.

“चल की रे, आलंच आता,” मी म्हणाले, आणि न वळता मैदानात आले.

अर्धी पिशवी पाहून डॉक्टरांनी बाकीच्या फिती विचारल्या. मागे एक जण आहे, तो आला की काढते, असं मी सांगितलं. चहाच्या टेबलाशी कुणीतरी पुटपुटलं, शेपटालाही शेपूट फुटलं वाटतं. कुणी हसलं नाही. अंधार पडायच्या आत फिती निघाल्या नाहीत तर जंगलवाले पुढच्या वर्षी परवानगी देणार नाहीत, असं डॉक्टर समजावू लागले. मी त्यांची बाही धरली. थोडाच वेळ मागत होते.

“मागे कुणी नसतं, ताई,” बाही सोडवत ते म्हणाले. “मी तेव्हाही पाहिलं होतं.”

ते उलट्या बाजूने आत शिरले. अंधार पडता पडता फितींचा भारा घेऊन परत आले. म्हणाले, सगळ्या काढल्या, कुणी नव्हतं. मी तिथेच गवतावर बसले. याच माणसाने माझा भाऊ दुसऱ्यांदा आत ठेवला होता.

माणसं पांगली. डॉक्टर आपल्या गाडीशी गेले. आधी त्यांनी शेजारच्या सीटचं दार उघडलं. दार धरून उभे राहिले, बराच वेळ. मग आतल्या माणसाचा पाय अडकू नये म्हणून लावतात तसं, अगदी जपून लावलं.

“कुणासाठी उघडलंत?” मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. “काय उघडलं?” म्हणाले, आणि वळून गाडी सुरू केली.

वर्षभर वाट मी पाहिली. गेला मात्र तो त्यांच्याबरोबर.