खुंटी आणि पिशवी

टक्… आणि मग घर्रर्र!

आत्ताच तर पिल्लू झोपलं होतं. घर अगदी चिडीचूप, आणि नेमका तेव्हाच गॅलरीतला माझ्या रंगकामाचा कॉम्प्रेसर आपणहून सुरू झाला. त्याच्या नळीतून कुठूनतरी थोडी थोडी हवा निसटते; टाकी उतरली की तो स्वतःच स्वतःला भरून घेतो. मी धावत जाऊन बटण बंद केलं. पिल्लाने नुसती कूस बदलली. पण माझं मन मात्र त्या घर्रर्रच्या मागे मागे निघालं— थेट पुतळ्यांच्या कारखान्यात.

कपड्यांच्या दुकानात काचेमागे उभे असतात ना, ते पुतळे. त्यांचे चेहरे एअरब्रशने रंगवायचं काम शिकायला मी गेले होते. दारातून आत शिरले, तर ही गर्दी! कुणाचा हात कमरेवर, कुणाचा पुढे, डोकी सगळ्यांची गुळगुळीत. खांद्यावरच्या पिशवीने जीव नकोसा केला होता. समोरच एक पाठमोरा पुतळा डावा हात लांब करून उभा होता. मी बिनधास्त त्याच्या मनगटाला पिशवी अडकवली.

"काढा ती," पुतळा म्हणाला.

मी किंचाळले वगैरे नाही. एवढंच सांगते की शेजारच्या दोन पुतळ्यांनी मला सावरलं.

पुतळा कसला, कारागीर होता तो! डोक्याला घट्ट टोपी, तोंडाला मास्क. डाव्या हाताने त्याने एका पुतळीच्या डोळ्यांवर कागद धरला होता आणि उजव्या हाताने तिच्या गालावर रंगाचा बारीक फवारा मारत होता.

"गाल ओला आहे, मला हलता येत नाही. मी खुंटी नाही, बाई!"

"खरंच की. खुंट्या इतकं बोलत नाहीत," मी म्हणाले. आणि पिशवी काढलीच नाही.

त्याने तो गाल पिशवीसकट पुरा केला. त्या दिवसापासून तो खुंटी झाला आणि मी पिशवी.

शिकवायचा मात्र मन लावून. "बटण खाली दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग. आधी हवा, मग रंग. थांबताना आधी रंग सोडायचा, मग हवा."

"आणि उलटं केलं तर?"

"तर एअरब्रश थुंकतो."

थुंकला. पुतळीच्या नाकावर. मग मी इतक्या जवळून फवारलं की रंगाला चहूबाजूंनी पाय फुटले.

"वा! कोळी!" खुंटी म्हणाला. "रोज सकाळी विचारत जाईन— काय पिशवीबाई, आज किती कोळी पाळले?"

अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंसुद्धा नाही. रंग मिसळण्यात तर मी त्याहून वरताण. हनुवटीखाली सावली हवी म्हणून मी अंगाच्या रंगात काळा घातला. रंग हिरवट झाला.

"हिला काय झालंय?" त्याने विचारलं.

"जागरण."

"जागरण कसलं… ही गेलीच की! काळ्याला हात लावायचा नाही. तांबडा, पिवळा, पांढरा आणि निळ्याचा फक्त थेंब. आणि ऐक, ओला रंग लबाड असतो. वाळला की गडद होतो. वाळेपर्यंत ना हो म्हणायचं, ना नाही."

मग एक दिवस मालकीणबाई म्हणाल्या, "एक चेहरा एकटीने कर. दुकानदाराला आवडला तर तू इथली. नाही आवडला तर… चहा पिऊन जा."

ओठ जमले, भुवया जमल्या. गाल काही केल्या जमेना. लाजरी हवी होती, दिसत होती थोबाडीत खाल्लेली.

"लाज वरून थापता येत नाही गं, ती आतून यायला हवी," खुंटी म्हणाला. "आरशात बघून मिसळ."

"स्वतःला बघून कुणी लाजतं का?"

त्याने मास्क खाली ओढला… आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "तुझी पिशवी नसली ना, की दिवसभर हा हात रिकामा रिकामा वाटतो मला."

कानापर्यंत ऊन चढलं माझ्या. आणि तो? त्याने झटकन रंग तपासायचा कागद माझ्या गालाशी धरला!

"हाच! हलू नकोस! तांबडा थोडा कमी… थेंबभर पिवळा…"

मी रंग मिसळला, कागदावरचा ठिपका माझ्या गालाशी जुळला. हलक्या हाताने दोनदा फवारला. गाल आतून उमलल्यासारखा दिसू लागला, एकही कोळी नाही. हात स्थिर होता माझा. बाकी काहीच नव्हतं.

"ते… रंगासाठी म्हणालास?"

"ओलं आहे अजून," तो म्हणाला. "वाळू दे."

असा राग आला मला!

दुसऱ्या दिवशी दुकानदार पुतळीभोवती फिरला, वाकला, हसला. "ही कुणाला बघून लाजलीय हो?"

मालकीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे. "आमच्याकडे एक खुंटी आहे," त्या म्हणाल्या.

म्हणजे मी तिथली झाले. मी सरळ चालत गेले आणि त्याच्या मनगटाला पिशवी अडकवली.

"वाळला. मला पसंत आहे. आता तुझं बोल."

खुंटी टोपी खाली ओढू लागला. त्याचे कान मात्र… मी तोच कागद काढून त्याच्या कानाशी धरला.

"दोन छटा गडद!"

"रंग मी तुला केव्हाच जुळवून दिला असता," तो हळूच म्हणाला. "रंगासाठी नव्हतंच ते."

तो कागद आता आमच्या फ्रिजच्या दारावर असतो. मनात आलं की खुंटी माझ्या कानात काहीतरी पुटपुटतो, कागद गालाशी धरतो, आणि जुळला की पिल्लू टाळ्या पिटतं.

पिल्लू उठलंय वाटतं. केसांचं टोपलं झालेलं, हातात तोच कागद. जीभ बाहेर काढून, एक डोळा मिटून त्याने तो माझ्या गालाला लावला.

"आई, जुळला!"

मग त्याने दाराकडे बघितलं. वाकून टेबलाखाली बघितलं. गॅलरीतही डोकावून आलं.

"पण बाबा तर आलेच नाहीत. मग तू कुणाला लाजलीस?"