आधी मशीन की आधी सिस्टीम

सोमवारी सौंदर्या दुकानात शिरली तीच भांडायच्या तयारीने.

"मला दणकट कॉम्प्युटर हवाय. भरपूर रॅम, चांगलं ग्राफिक्स कार्ड. बाकीचं मागाहून बघू," ती तमिळमध्ये म्हणाली.

कुंभकोणमच्या महामहम तलावाजवळचं ते चिंचोळं दुकान विष्णुवर्धनचं. त्याने हातातला स्क्रू खाली न ठेवताच विचारलं, "काम कसलं करता?"

"नाचियार्कोविलच्या कारखान्यासाठी समयांची डिझाइनं काढते."

"मग त्यांचा प्रोग्राम कुठल्या सिस्टीमवर चालतो ते आधी बघायला हवं. मशीन नंतर."

"सिस्टीम काय, दुपारभरात बदलता येते, सार. मशीन मुळातच लेचंपेचं असेल तर काय बदलणार?"

"आणि प्रोग्राम उघडलाच नाही तर? दणकट मशीनची काय पूजा करणार?"

ती हसली नाही… पण हसू दाबताना तिचे ओठ मुडपले, ते त्याला बरोबर दिसलं.

तेवढ्यात तिच्या वत्सलाआत्तेचा फोन आला. सौंदर्या जरा पाठमोरी झाली आणि बिनधास्त मराठीत बोलू लागली. कुंभकोणमच्या मराठी घरांची ही जुनी खोड — उंबऱ्याबाहेर तमिळ, आणि चारचौघांत काही गुपित बोलायचं असलं की मराठी. ऐकणाऱ्याला काय कळणार!

"नाहीं गे आत्ते, अजून घेतला नाहीं. दुकानदार बहुत वाद घालतो… दिसायला? बरा आहे. बरा म्हणजे… बहुतच बरा आहे!"

विष्णुवर्धनच्या हातातला स्क्रू टेबलाखाली गेला. कारण तोही मराठीच होता, आणि घरी आईशी रोज हीच भाषा बोलत होता. 'अहो, मला कळतंय' असं त्याने तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण कोण सांगेल हो? आपलीच तारीफ मध्येच थांबवण्याइतका तो साधू नव्हता.

मंगळवारी ती पेन ड्राइव्ह घेऊन आली. त्याने दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी लावले. दणकट होता त्यावर लिनक्स होतं. तिथे कारखान्याचा प्रोग्राम उघडायलाच तयार होईना. दुसऱ्यावर विंडोज, पण मशीन साधं. प्रोग्राम उघडला, समईही दिसली. मात्र ती फिरवायला गेल्यावर वरचा मोर असा अडकला की दोघांची कॉफी पिऊन झाली तरी हलेना.

"बघा, सिस्टीम!" तो म्हणाला.

"बघा, मशीन!" ती म्हणाली.

शेवटी दणकट मशीनवर विंडोज घालायचं ठरलं. काम दोन तासांचं. विष्णुवर्धनने शुक्रवारचा वायदा केला.

तरी 'कुठवर आलं' बघायला ती रोज येई आणि रोज फोन कानाला लावून मराठीत बोले. बुधवारी म्हणाली, "लपवाछपवी करणारा माणूस मज मुळीं सोसत नाहीं, आत्ते." त्या दिवशी विष्णुवर्धनला जेवण गेलं नाही. गुरुवारी तिचा आवाज हळवा झाला. "उद्यां कॉम्प्युटर घरी येईल… मग ह्या दुकानांत यायला निमित्त कोठलें?"

खरं सांगावं तर ती तोंड फिरवून जाणार. न सांगावं तर आपण लबाड ठरणार. आणि ती जाणार ही कल्पनाच आता त्याला सहन होत नव्हती.

शुक्रवारी तो खोकं उचलून तिच्यापुढे ठेवत होता, तोच त्याचा फोन वाजला. हात अडकलेले. त्याने कोपराने कसाबसा फोन घेतला आणि लागला नेमका स्पीकर.

"विष्णू, जेवलास कां?" भवानीबाईंचा, त्याच्या आईचा, खणखणीत मराठी आवाज दुकानभर घुमला.

"अप्पुरम पेसरेन," नंतर बोलतो म्हणून त्याने तमिळमध्ये कटवलं.

"अय्यो! माझ्याशी तमिळ कां बोलतोस? काय झालें रे? बरा आहेस नव्हे?" आई रडकुंडीलाच आली.

त्याने डोळे मिटले. "बरा आहें, आई. घाबरूं नकोस. जेवतों आतां."

फोन बंद झाला. त्याने खोकं एकदाचं टेबलावर टेकवलं.

"सोमवारपासून सगळें ऐकलें मी," तो मराठीत म्हणाला. "चुकलें माझें. पण रागावून जाऊं नका… मज तुम्ही बहुत आवडतां. हें तरी लपवत नाहीं."

सौंदर्याने खोक्यावर हात ठेवला. "सोमवारीं तुमचा स्क्रू पडला तेव्हांच मज शंका आली. म्हणून मंगळवारीं मी मुद्दाम फोनवर म्हटलें, ह्याला निळा सदरा शोभतो. बुधवारीं निळा, काल निळा, आजही निळा! धुतां तरी केव्हां?"

"म्हणजे… तुम्हांला ठाऊक होतें?"

"आत्ते फक्त सोमवारीं फोनवर होती. बाकी दिवस फोन बंदच होता."

विष्णुवर्धन मटकन स्टुलावर बसला. चार दिवसांचं ओझं असं एकाएकी उतरलं की त्याला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

"मग कालचें तें… निमित्ताचें?"

"तुम्हांसच विचारलें होतें," ती लाजून म्हणाली. "कोण्ही उत्तरच देईना."

"निमित्त कशाला हवें? उद्यां या. परवा या. रोज या…"

तिने मान हलवली, अगदी हळूच, पण होकाराचीच. मग खरोखरचा फोन लावला. "आत्ते, तो दुकानदार आठवतो ना? घे, त्याच्याशींच बोल."

त्याने घाईघाईने हात पुसले आणि उभं राहूनच फोन घेतला. "नमस्कार आत्ते," तो म्हणाला, "मी विष्णुवर्धन… जेवलांत कां?"