कोरं रक्त

पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्या की हल्ली जयसिंगपुरात मुलाकडचे पत्रिका मागत नाहीत, मुलीचं बोट मागतात. टाचणी टोचायची, थेंब स्मृतिवाचकावर ठेवायचा, की त्या शरीराने जन्मापासून कोणकोणत्या रोगांशी दोन हात केले त्याची यादी पडद्यावर उमटते. रक्तातल्या स्मृतिपेशी एकदा भेटलेला शत्रू सहसा विसरत नाहीत. यंत्र काढलं होतं साथींचा माग घ्यायला. आपल्या लोकांनी ते सोयरिकीला जुंपलं. मुलाचं बोट अर्थात कुणी मागत नाही.

इंदुमती चौगुले यांना या यंत्राने दोनदा तोंडघशी पाडलं होतं. त्यांच्या केतकीला एचआयव्ही जन्मापासून, आणि तो त्यांच्याकडूनच गेलेला. स्वतःला तो आहे हे त्यांना बाळंतपणानंतर कळलं. हा विषाणू मोठा कावेबाज. तो शिरतो मदतनीस पेशींमध्ये, म्हणजे बाकीच्या पहारेकऱ्यांना हाक देणाऱ्यांचाच गळा दाबतो. मग साधी बुरशीसुद्धा माणसाला लोळवते. केतकी वीस वर्षं औषधं घेऊन धडधाकट राहिली आणि पुढे जनुकोपचाराने विषाणू मुळासकट गेला. तिच्यापासून कुणाला कसलाच धोका नव्हता. पण तिच्या स्मृतिपेशींना सगळं आठवत होतं. दोन्ही स्थळांनी यादी पाहून चपला घातल्या.

तिसरं स्थळ शिरोळच्या मगदुमांचं. मुलगा केतकीच्या मनात भरला होता. इंदुमतींनी सांगलीच्या डॉ. उपाध्यांना गाठलं, कारण ही स्मृती आता पुसता येत होती.

"एकच आठवण निवडून काढता येत नाही, बाई," डॉक्टर म्हणाले. "गोवर, कांजिण्या, लशी, सगळंच जातं. तान्ह्या बाळाला निदान आईकडून आलेलं संरक्षण असतं, हिला तेही नसेल. वर्षभर घरात पाहुणा येता कामा नये."

मगदूम वर्षभर कुठले थांबायला? केतकी नको म्हणाली, तेव्हा इंदुमतींनी अन्न सोडलं. तिसऱ्या दिवशी मुलीने सही केली.

महिन्याभराने मगदूम आले. केतकीचं बोट टोचलं, पण पडदा कोराच राहिला. यंत्र बिघडलं असेल म्हणून मगदूमबाईंनी स्वतःचं बोट टोचून पाहिलं. कावीळ, कांजिण्या, सगळं रीतसर उमटलं. पुन्हा केतकीचं घेतलं, पुन्हा कोरं. सव्वीस वर्षांच्या बाईचं रक्त असं आपोआप कोरं राहत नाही, हे समजायला काही डॉक्टर व्हावं लागत नव्हतं.

"लपवण्यासारखं होतं म्हणूनच पुसलंत ना, ताई?" एवढं बोलून मगदूमबाई उठल्या. मुलगा उंबऱ्यात घुटमळला आणि निमूट आईमागून गेला. बाई आल्यापासून खोकत होत्या, तेव्हा त्यांना रुमाल आठवला नव्हता; निघताना मात्र त्यांनी नाकाला पदर लावला.

चौथ्या दिवशी केतकीला ताप भरला. आठवड्याभरात ती इस्पितळात काचेआड होती. औषधं चालू होती, पण साध्या खोकल्याचा जंतू फुफ्फुसात उतरला होता आणि शरीराला त्याची ओळखच नव्हती. काचेबाहेर इंदुमती फोन कानाशी धरून रडत होत्या, तुझ्या भल्यासाठीच केलं गं, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. केतकीने प्राणवायूची नळी जरा बाजूला केली.

"आई, तो विषाणू तू मला दिलास, तेव्हा तुला ठाऊक नव्हतं. या वेळी तर डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं होतं ना?"