पाणी किती उंचावरून ओतावं

माझी पहिली बाटली गाईनं प्यायली.

कुरण उताराचं होतं. वर चेस्टनटची झाडं, खाली ओढा. मी गवत कातरून जमिनीत एक लोखंडी कडं नखभर ठोकलं, त्यात बाटलीभर पाणी ओतलं, घड्याळ सुरू केलं आणि पेन शोधायला वळले… परत बघते तर कडं कोरडं! एवढी तहानलेली माती मी जन्मात पाहिली नव्हती. मोठ्या उत्साहानं आकडा लिहिला, आणि मग शेजारी एक ओलं नाकाड दिसलं.

"सेरेसा! पाहुण्यांच्या ताटात तोंड घालतेस?" वरून कुणीतरी धावत आलं. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कपाळावर कुरळे केस, आणि हसू दाबण्याचा अगदीच फसलेला प्रयत्न. "माफ करा हं. पण तुम्ही… गांडुळांना आंघोळ घालताय का?"

"माती पाणी किती वेगानं पिते, ते मोजतेय."

"मग गाईचाच आकडा धरा की. चांगला आलाय!"

हा नेल. कुरण त्याच्या आईचं, ओलायाबाईंचं, आणि मला ओव्हिएदो शहरातून माती तपासायला बोलावलं होतं त्यांनीच. नेलला इथं सफरचंदाची बाग लावायची होती. आईला वाटत होतं की पाणी मुरणार नाही, मुळं कुजतील. तसं निघालं तर कुरण निलगिरीसाठी कागद कारखान्याला भाड्यानं जाणार, आणि नेल मामाकडे बेल्जियमला, कामाला.

"म्हणजे मी इथं राहायचं की नाही, ते तुमचं हे कडं ठरवणार," तो म्हणाला. हसतच म्हणाला, पण कड्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

मी सामोराची, कोरड्या पठारावरची. माझ्या 'का' आणि 'कसं'ला माझे घरचेसुद्धा कंटाळतात. नेल कंटाळला नाही. उलट त्याचेच प्रश्न संपेनात. पाणी आधी भराभर जातं आणि मग हळू का?

"कोरडी माती आधी अधाशासारखी ओढून घेते," मी सांगितलं. "बाटलीमागून बाटली ओतली की वेग उतरतो आणि शेवटी एका चालीला लागतो. ती चाल आणि मातीच्या कणांचा आकार, या दोन्हींवरून आतल्या वाटा किती मोकळ्या आहेत ते काढता येतं."

"थोडक्यात, पहिल्या भेटीवर विश्वास ठेवायचा नाही?"

"अजिबात नाही."

"मग मी उद्याही येतो," तो म्हणाला. आणि मी—मी उगीचच गवत कातरत बसले.

तो आला. लवकर उरकावं म्हणून आम्ही काम वाटून घेतलं. वरचा अर्धा उतार माझा, खालचा त्याचा. वरची माती छान पीत होती. खाली मात्र पाणी तळ्यासारखं साचून राहिलं. मी दोन्हीकडची माती चिमटीत चोळली, तिचा वास घेतला. काही म्हणजे काही फरक नाही! मग असं का? एरवी असं कोडं पडलं की मला मजा येते. त्या दिवशी नाही आली.

दुपारी ओलायाबाईंच्या स्वयंपाकघरात पांढऱ्या घेवड्याचं वाफाळतं कालवण पुढ्यात होतं. मी आकडे सांगून टाकले.

"मग निलगिरीच," त्या म्हणाल्या. "बरं झालं बाई, वेळेवर कळलं."

नेल उठला, सिद्रेची, म्हणजे सफरचंदाच्या दारूची, बाटली उघडली आणि इथले आस्तुरियासचे लोक ओततात तशी ओतली. बाटलीचा हात डोक्याच्याही वर, पेला पार मांडीशी, नजर भलतीकडेच. बारीक धार वरून आली आणि पेल्याच्या काठावर फुटली. मी हे रोज बघते. पण आज घास हातातच राहिला.

"नेल… तू कड्यात पाणी कसं ओतलंस?"

"कसं म्हणजे? ओततात तसं."

"तुझा हात कुठं होता?"

त्यानं मान वर करून स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "अरे देवा," तो म्हणाला.

आम्ही पळतच सुटलो. त्याच्या प्रत्येक जागेवर मातीचा गुळगुळीत, चकाकणारा थर बसला होता. उंचावरच्या धारेनं ढेकळं फुटून बारीक कण छिद्रांत दडपले गेले होते. मी शेजारीच नवीन कडं ठोकलं. एवढ्यात ओलायाबाई एप्रनला हात पुसत मागून आल्या. मी घड्याळ त्यांच्या हातात ठेवलं.

"मी? मला काय कळतंय त्यातलं!"

"पाणी दिसेनासं झालं की फक्त 'मुरलं' म्हणा आणि काटा कुठं आहे ते सांगा."

मी जमिनीला हात टेकवून अलगद ओतू लागले. "मुरलं," त्या म्हणाल्या. पुन्हा ओतलं. "मुरलं." मग जरा नवलानं, "अगं बाई, मुरलं की!" वेग उतरला, एका चालीला लागला, आणि ती चाल थेट वरच्या उताराशी जुळली. बाकीच्या जागाही तशाच निघाल्या.

"सफरचंद लावा," मी म्हणाले. "झाडांखालचं गवत मात्र काढू नका. पाऊसही उंचावरूनच पडतो."

ओलायाबाईंनी उताराकडे डोळे भरून पाहिलं. "लाव बाबा," त्या लेकाला म्हणाल्या.

त्यानं उड्या मारायला हव्या होत्या. तो माझ्याकडेच बघत होता. "मेंसिया, घड्याळ आईला का दिलंस? तिला तर निलगिरी हवी होती."

"म्हणून तर दिलं. माझा माझ्या बोटावर भरवसा नव्हता. आकडा चांगला यावा असं मला… फार वाटत होतं. मोजणाऱ्यानं असं वाटून घ्यायचं नसतं."

"का वाटत होतं?"

"तू जाऊ नयेस म्हणून."

झालं, बोलून बसले! तेही त्याच्या आईसमोर.

"आणि वाईट आला असता तर?" त्यानं हळूच विचारलं.

"तर तोच लिहिला असता. आणि ओव्हिएदोपर्यंत बसमध्ये रडले असते."

तो हसला नाही. माझे चिखलाचे हात त्यानं आपल्या चिखलाच्या हातांत घेतले आणि म्हणाला, "बसला अजून वेळ आहे. आणि उद्याही बस असते… परवाही."

ओलायाबाई खाकरल्या. "पोरांनो, हे घड्याळ अजून चालूच आहे. बंद कुठून करतात?"

आम्हा दोघांनाही ते नीट ठाऊक होतं. दोघांनीही सांगितलं नाही.