सातवा रकाना

रकाना पहिला. अर्जदाराचे नाव.
धाकटीने पेन इतकं दाबून लिहिलं की अक्षरं खालच्या कागदावरही उमटली, आणि शेजारी बसलेल्या ताईचा ऊर भरून आला. ही पोर सहा वर्षांची असताना तिचा हात धरून तिनेच तर पहिलं अक्षर गिरवून घेतलं होतं...

रकाना तिसरा. पालक.
आईवडील नाहीत. थोरली बहीण. इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री.

रकाना सातवा. घरातील कुणी याआधी महाविद्यालयात नाव घातले होते काय?
इथे पेन थांबलं. फीची ही मदत घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्यांसाठी होती, आणि ती हुकली तर धाकटीचं शिक्षण इथेच संपणार होतं.

"तू होतीस की वर्षभर," धाकटी म्हणाली. "नापास झालेल्याला धरतात का, विचारू या. नापास तू व्हायचं आणि निस्तरायचं मी!"

ताई हसली. अकरा वर्षं ती हा टोमणा अशीच हसून गिळत आली होती.

कॉलेजच्या कचेरीतल्या खिडकीपलीकडच्या कारकूनबाईंनी ताईची जुनी फाइल काढली, चष्मा सरकवला आणि म्हणाल्या, "नापास कोण म्हणालं? वर्गात पहिली होती ही." त्यांनी एक पिवळा पडलेला अर्ज पुढे केला. ताईने झडप घातली, पण कागद धाकटीच्या हातात गेला होता. अक्षर ताईचंच होतं : आई वारली. घरी सहा वर्षांची बहीण एकटी असते, म्हणून नाव काढून घेत आहे.

बाईंनी समजावलं, शिक्षण पुरं केलं की सोडलं, नियमाला देणंघेणं नाही. नाव घातलं म्हणजे घातलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, रकाना अजून कोरा आहे, फाइल मी पाहिलीच नाही असं समजा.

"लिही, 'नाही'," ताई घाईघाईने म्हणाली. "मी कधी गेलेच नव्हते."

"मला नापास झाले असं का सांगितलंस गं?"

"तुला ओझं वाटलं असतं... लिही ना, बाळा."

धाकटीने डोळे पुसले आणि पहिल्या रकान्याइतकंच दाबून लिहिलं : होय. माझी ताई. माझ्यासाठी सोडलं.

"अगं वेडे, खोड ते," ताई काकुळतीला आली. पण शाई खोडता येत नव्हती आणि दुसरा फॉर्म मिळत नव्हता. धाकटीच्या आसवांनी भिजून चुरगळलेला तो फॉर्म ताईचा हात सवयीने सपाट करत राहिला, जणू एक सुरकुती गेली की सगळं ठीक होणार होतं. बाईंनी तो हळूच ओढून घेतला, शिक्का मारला. अपात्र.

धाकटी ताईच्या कुशीत शिरली, लहानपणी शिरायची तशी. उद्यापासून हिला कुठल्या तोंडाने धुलाईघरात न्यायचं, ताईला सुचेना; आणि सगळं बुडत असताना, कुणीतरी आपलं खरं लिहून ठेवलं, या सुखाची तिला लाज वाटत राहिली...